एसी सेक्शन

"किती वर्षं ओढताय?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी ओढत नाही," बाबा म्हणाले.

"आता नाही, पण आधी? बिडी, सिगरेट, काहीही?"

"कधीच नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. पेशंट लपवतो आणि घरचे सांगून टाकतात, असा त्यांचा रोजचा अनुभव असणार. मी मान हलवली. माझे बाबा सिगरेट ओढत नाहीत, तंबाखू खात नाहीत आणि पीतही नाहीत. आई ही गोष्ट शेजारणींना जरा मिरवूनच सांगायची, कारण बाबांचा सगळा जन्म दुसऱ्यांच्या बाटल्या उघडण्यात गेला होता.

हे २०१९ सालचं. बाबा ५३ वर्षांचे होते आणि डोंबिवली स्टेशनचा जिना चढताना मध्ये दोनदा थांबत होते. त्यांची फुंकायची टेस्ट झाली. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी आणि समोर टेक्निशियन ओरडतोय, "फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका." बाबांनी इतक्या आज्ञाधारकपणे फुंकलं की शेवटी खुर्चीचा हात धरून बसले. रिपोर्टवर सीओपीडी लिहून आलं. म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या वाटा अरुंद होत जाणं. औषधांनी धाप कमी होते, पण गेलेलं फुप्फुस परत येत नाही.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी विषय सोडला नाही. गावाकडे चूल होती का, हे विचारलं. होती. कुडाळ तालुक्यातलं मातीचं घर, पावसाळ्यात ओली लाकडं, आणि बाबा लहानपणी चुलीच्या उबेला झोपायचे. गिरणीत, खाणीत, सिमेंटच्या कामावर होतात का? नाही. मग काय काम करायचात?

"हॉटेल लायनीत होतो."

"म्हणजे किचनमध्ये?"

"नाही. वेटर. परमिट रूमला."

"किती वर्षं?"

"अठ्ठावीस."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. चूल आणि परमिट रूम, दोन्ही शब्द त्या कागदावर एकाखाली एक अजून आहेत.

बाबा १९८४ साली अठराव्या वर्षी मुंबईत आले. आधी मोरीवर, म्हणजे भांडी घासायला. मग टेबल पुसायला. मग दुकानादुकानांत चहा पोचवणारा बाहेरवाला. १९९० पासून ठाण्यातल्या एका परमिट रूममध्ये वेटर. त्या परमिट रूमचं नाव मी लिहिणार नाही. मालक माणूस वाईट नव्हता, माझ्या दहावीच्या क्लासची फी त्यानं उचल म्हणून दिली होती.

परमिट रूम आतून कशी असते हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. खाली नॉन-एसी. दार अर्धं उघडं, छताला पंखे, मागच्या बाजूला किचन, आणि रस्त्यावरून दिसू नये म्हणून काळ्या काचा. बाजूच्या अरुंद जिन्यानं वर गेलं की पोटमाळ्यावर एसी सेक्शन. छत एवढं खाली की उंच माणसानं मान वाकवायची. तीच क्वार्टर, तोच चकणा, पण वर दर जास्त. येणारं गिऱ्हाईक शर्ट इन केलेलं आणि टीप दुप्पट.

२००१ मध्ये मालकानं बाबांना खालून वर घेतलं. ते घरात एखाद्या प्रमोशनसारखं साजरं झालं. मी सहा वर्षांची होते. आईनं गोड शिरा केला आणि मी शाळेत बाईंना सांगितलं की माझे बाबा आता एसीत काम करतात. चाळीत तेव्हा कुणाकडेच एसी नव्हता. मला वाटायचं, बाबा दिवसभर थंडगार बसलेले असतात.

एसी सुरू म्हणजे खिडकी बंद, हे आता लिहिताना किती उघड वाटतं. खाली धूर पंख्यानं निदान दाराकडे जायचा. वर मशीन तीच हवा ओढून, गार करून, परत सोडायचं. एसीनं हवा गार होते, स्वच्छ होत नाही. आणि बार रात्री दीडला बंद झाला की शेवटची लोकल गेलेली असायची. मग वेटर लोक टेबलं जोडून त्याच पोटमाळ्यावर झोपायचे आणि पहाटेच्या पहिल्या गाडीनं घरी यायचे. म्हणजे बाबा धुरात फक्त काम करत नव्हते, रात्रीही तिथेच काढत होते. घरी आले की आई त्यांचा युनिफॉर्म वेगळ्या बादलीत भिजवायची. आमच्या कपड्यांत मिसळला तर वास लागायचा.

पंधरा सिगरेटी एकदम पेटलेल्या असायच्या, असं बाबा सांगतात. शनिवारी जास्त. सिगरेट संपली की गिऱ्हाईक बाबांनाच खाली टपरीवर पिटाळायचं आणि उरलेली चिल्लर ठेवून घ्यायला सांगायचं. त्यांच्या खिशात कायम एक काडेपेटी असायची. माणसानं सिगरेट ओठांत धरली की शब्द न बोलता काडी पुढे करायची, हे चांगल्या वेटरचं लक्षण. कधीही न ओढणाऱ्या माझ्या बाबांनी आयुष्यात किती हजार सिगरेटी पेटवल्या असतील, याचा हिशोब मी एकदा मांडायला घेतला आणि सोडून दिला.

आता कायद्याचं बोलू. कायदा होता, आणि बाबा वर काम करत असतानाच तो आला.

सार्वजनिक जागी ओढण्यावर बंदी हवी, असं आपल्याकडे कोर्टानं आधी म्हटलं आणि सरकारनं नंतर. १९९९ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं उघड्यावरच्या धूम्रपानाला सार्वजनिक उपद्रव ठरवलं. मग मुंबईचे माजी महापौर आणि काँग्रेसचे नेते मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर २००१ मध्ये न्यायालयानं दवाखाने, शाळा-कॉलेजं, ग्रंथालयं, कोर्टं, सरकारी कचेऱ्या, बस आणि रेल्वे अशा ठिकाणी बंदीचा आदेश दिला. युक्तिवादाचा गाभा साधा होता. राज्यघटनेनं जगण्याचा हक्क दिलाय, मग जो ओढतच नाही त्याचं आयुष्य दुसऱ्याच्या धुरानं का कमी व्हावं? २००१ म्हणजे बाबा एसीत गेले तेच वर्ष. त्या यादीत बार नव्हता.

२००३ मध्ये संसदेनं तंबाखूचा कायदा केला. त्याचं चौथं कलम सार्वजनिक ठिकाणी ओढायला मनाई करतं आणि दंड २०० रुपयांपर्यंत. बारचं नाव स्पष्टपणे आलं ते पाच वर्षांनी निघालेल्या नियमांत. तेव्हा अंबुमणी रामदोस आरोग्यमंत्री होते. हॉटेलवाले आणि सिगरेट कंपन्या कोर्टात गेल्या, पण सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली नाही. २ ऑक्टोबर २००८ पासून ऑफिस, मॉल, थिएटर, कँटीन, पब, बार, सगळीकडे बंदी लागू झाली.

२ ऑक्टोबर निवडण्यात गांधीजींची आठवण असणार. पण २ ऑक्टोबर हा ड्राय डे. देशातल्या बारमध्ये बंदी लागू झाली तो दिवस बार बंद असण्याचा होता. बाबा त्या दिवशी घरी होते आणि दुपारी झोपले होते. हे मला नक्की आठवतंय, कारण ते दिवसा घरी असण्याचे दिवस वर्षात मोजकेच यायचे.

३ तारखेला ते कामावर गेले तर भिंतीवर बोर्ड लागलेला. नियमाप्रमाणे ६० बाय ३० सेंटिमीटरचा. टेबलांवरचे ॲशट्रे काढून गोणीत भरून ठेवले होते, कारण नियमात ॲशट्रे, काडेपेटी, लायटर काहीही पुरवायचं नाही असं लिहिलंय. मालकानं सगळ्यांना उभं करून सांगितलं, गिऱ्हाइकाला नम्रपणे खाली जाऊन ओढायला सांगा. बाबा म्हणतात, पहिले आठ-दहा दिवस लोक खरंच खाली गेले. कुरकुरत, पण गेले. बाबांना तेव्हा जाणवलेली एक गोष्ट ते अजून सांगतात. रात्री झोपताना त्यांना कोळंबी कोळीवाड्याचा वास आला. किचन कायम खालीच होतं, वास कायमच वर येत असणार, पण त्यांच्या नाकाला तो सात वर्षांत पहिल्यांदाच कळला.

मग एका टेबलानं ऐकलं नाही. ते नेहमीचं, मोठं टेबल होतं. त्यांना स्टीलची वाटी दिली गेली, आत ओला पेपर नॅपकिन घालून. दुसऱ्या टेबलानं त्या वाटीकडे बोट दाखवलं. दिवाळीपर्यंत सगळ्या टेबलांवर वाट्या आल्या. ॲशट्रे मात्र गोणीतच राहिले, म्हणजे तपासणीला कुणी आलंच तर ॲशट्रे सापडणार नाहीत. बोर्ड शेवटपर्यंत भिंतीवर होता. वर्षभरात तो पिवळा पडला.

मला इथे मालकाला खलनायक करायचा मोह होतो, पण तो निम्माच खरा ठरेल. त्याच्या रांगेत आणखी पाच बार होते. एकानं ओढू दिलं की दुसऱ्याचं गिऱ्हाईक जाणार, ही भीती खोटी नव्हती. असा कायदा सगळ्यांवर सारखा चालला तरच चालतो. एकट्यादुकट्यानं पाळायचा म्हटलं की तो पाळणाऱ्यालाच महाग पडतो. २९ मार्च २००४ ला आयर्लंडनं पबसकट सगळ्या कामाच्या जागी बंदी घातली. असं करणारा तो पहिला देश. तिथेही पब बुडतील म्हणून आरडाओरडा झाला होता. पण ती बंदी एकाच दिवशी प्रत्येक पबवर आली, आणि लोक ग्लास आत ठेवून बाहेर पावसात उभे राहून ओढायला शिकले.

आयर्लंडनं आणखी एक गोष्ट केली, जी मला आपल्यापेक्षा शहाणपणाची वाटते. त्यांनी बंदी मांडली ती कामगारांच्या सुरक्षेचा कायदा म्हणून. आपल्याकडे हा विषय अजून शिष्टाचाराचा आहे. "तुमची हरकत नसेल तर ओढू?" असा. हा प्रश्न गिऱ्हाईक गिऱ्हाइकाला विचारतं. माझ्या बाबांना अठ्ठावीस वर्षांत तो कुणी विचारला नाही. विचारला असता तरी त्यांचं उत्तर ठरलेलं होतं.

ज्याला धूर नको आहे त्यानं उठून जावं, हा बंदीच्या विरोधातला सगळ्यात जुना युक्तिवाद. तो पूर्णपणे चुकीचा नाही. मी मित्रांबरोबर बसले असेन आणि धूर झाला तर मी उठून जाऊ शकते. पण खोलीत नेहमी एक तरी माणूस असा असतो ज्याला उठून जाता येत नाही. त्याच्या हातात ट्रे असतो.

जगभर हा लढा पुढे नेला तोही अशा ट्रेवाल्यांनीच. एके काळी विमानात सिगरेट ओढायची मुभा होती. मागच्या रांगा स्मोकिंग, पुढच्या नॉन-स्मोकिंग, आणि मधून दोन्हीकडे फिरणाऱ्या हवाईसुंदरी. नॉर्मा ब्रॉइन ही त्यांच्यातली एक. कधी न ओढलेल्या या बाईला १९८९ मध्ये, वयाच्या बत्तिशीत, फुप्फुसाचा कॅन्सर झाला. तिनं आणि तिच्यासारख्या हजारो जणींनी अमेरिकेतल्या सिगरेट कंपन्यांवर दावा लावला. १९९७ मध्ये तडजोड झाली आणि कंपन्यांना संशोधनासाठी ३० कोटी डॉलर द्यावे लागले. कॅनडातली हेदर क्रो चाळीसहून जास्त वर्षं वेट्रेस होती. तिनं कधी ओढलं नाही. २००२ मध्ये तिलाही कॅन्सर निघाला, आणि तिथल्या कामगार भरपाई मंडळानं तो कामामुळे झाल्याचं मान्य केलं. उरलेली चार वर्षं ती कॅनडाभर फिरून एकच सांगत राहिली, की वेटरचं कामही काम असतं. २००६ मध्ये ती गेली.

हेदर क्रोबद्दल मी बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिका टीप किती गावत असतली?"

धुराबद्दल मी वाचायला लागले ती बाबांच्या रिपोर्टनंतर. एक गोष्ट आधी माहीत नव्हती. ओढणारा जो धूर आत घेऊन सोडतो, तो त्या खोलीतल्या धुराचा लहान हिस्सा. मोठा हिस्सा येतो तो दोन झुरक्यांच्या मध्ये, सिगरेट बोटांत नुसती जळत असते तेव्हा. त्या टोकाला आच कमी असते, जळणं अर्धवट होतं, आणि मध्ये फिल्टर नसतो. वजनाला वजन धरलं तर हा धूर जास्त विषारी. म्हणजे फिल्टर आहे तो ओढणाऱ्यासाठी, वेटरसाठी नाही.

१९८१ मध्ये ताकेशी हिरायामा या जपानी संशोधकानं ९१,५४० न ओढणाऱ्या बायकांचा अभ्यास छापला. १४ वर्षं त्यांची नोंद ठेवली होती. नवरा जितका जास्त ओढणारा, तितका बायकोला फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका जास्त, असं त्यात दिसलं. सिगरेट कंपन्यांनी त्या अभ्यासातल्या चुका शोधायला माणसं लावली. पण नंतर इतर देशांतही तेच दिसत गेलं.

मला सगळ्यात जवळचा वाटला तो मात्र एक छोटासा अभ्यास. कॅलिफोर्नियात १ जानेवारी १९९८ पासून बारमध्ये बंदी आली. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ५३ बारटेंडरांना काही डॉक्टरांनी बंदीच्या आधी आणि नंतर तपासलं. आधी त्यातल्या ३९ जणांना खोकला, कफ, धाप असा काही ना काही त्रास होता. बंदीनंतर एक-दोन महिन्यांत त्यातल्या २३ जणांचा त्रास गेला. औषध नाही, व्यायाम नाही, फक्त कामाच्या जागेची हवा बदलली. हे वाचताना मला ऑक्टोबर २००८ मधले ते आठ-दहा दिवस आणि कोळंबीचा वास आठवत राहिला.

हृदयविकाराचं तर आणखी लवकर दिसतं. अमेरिकेतल्या हेलेना नावाच्या छोट्या गावात २००२ मध्ये सहा महिने बंदी होती, मग कोर्टाच्या निकालानं ती थांबली. त्या सहा महिन्यांत हार्ट अटॅकचे पेशंट इतर वर्षांच्या सरासरी ४० वरून २४ वर आले आणि बंदी थांबल्यावर परत वाढले. गाव छोटं, आकडे छोटे, त्यामुळे यावर पुष्कळ वाद झाला, आणि तो योग्यच होता. नंतर स्कॉटलंडनं २००६ च्या बंदीआधी आणि नंतर नऊ हॉस्पिटलांत मोजलं तेव्हा घट १७ टक्के निघाली. हेलेनाइतकी डोळे दिपवणारी नाही, पण जास्त विश्वासाची.

आणि इथे मला बाबांच्या बाबतीत प्रामाणिक राहायला हवं. दुसऱ्याच्या धुरानं फुप्फुसाचा कॅन्सर होतो, हृदयविकार होतो, मुलांचा दमा बळावतो, हे पक्कं आहे. सीओपीडीबद्दल पुरावा तितका भक्कम नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालानं तो "सूचक, पण पुरेसा नाही" या रकान्यात ठेवला होता. त्यात बाबांच्या लहानपणीची चूल आहे, आणि चुलीचा धूर हे आपल्या देशात सीओपीडीचं मोठं कारण आहे. बाबांच्या फुप्फुसाचा किती भाग आजीच्या चुलीनं नेला आणि किती ठाण्याच्या पोटमाळ्यानं, हे कुठलीही टेस्ट वेगळं करून देणार नाही. हेदर क्रोसारखा अर्ज भरायचा म्हटला तर मी त्यात काय लिहू? बाबांकडे नोकरीचा कागद नाही, पीएफ नाही. अठ्ठावीस वर्षांचा पुरावा म्हणून युनिफॉर्मचा एक मरून कोट आहे.

घरातल्या धुराबद्दल थोडक्यात. कायदा घरात येत नाही आणि यावा असंही मला वाटत नाही. पण बाहेरच्या बंदीचा परिणाम घरात झिरपतो. देशभरच्या तंबाखू सर्वेक्षणात २००९-१० मध्ये ५२ टक्के मोठ्या माणसांना घरात धूर सोसावा लागत होता, २०१६-१७ मध्ये ३९ टक्क्यांना. यात कायद्याचा वाटा किती हे वेगळं काढता येणार नाही, पण ऑफिसमध्ये बाहेर जाऊन ओढायची सवय लागलेला माणूस घरीही गॅलरीत जातो, हे मी माझ्या मामाच्या घरी पाहिलंय. त्याच सर्वेक्षणात बंद जागेत काम करणाऱ्यांपैकी ३० टक्के लोकांना कामावर धूर मिळत होता. बंदीला तेव्हा आठ वर्षं झाली होती.

मी आता पुण्यात नोकरी करते. आमच्या ऑफिसात कुणी ओढत नाही, म्हणजे इमारतीत ओढत नाही. सगळे खाली टपरीवर जातात. तिथे चहा, सुट्टा आणि कोणाचं अप्रेझल कसं झालं याच्या खऱ्या बातम्या असतात. मी चहा घेऊन वाऱ्याची दिशा बघून उभी राहते. ते चालतं. उघड्यावर आहे, आणि मला जाता येतं.

मागच्या वर्षी टीमची पार्टी एका पबमध्ये होती. तिथे काचेची स्मोकिंग रूम होती. नियमात तिला परवानगी आहे. ३० किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल, ३० किंवा जास्त खुर्च्यांचं रेस्टॉरंट आणि विमानतळ, यांना वेगळी जागा ठेवता येते. कशी असावी तेही लिहिलंय. छतापर्यंत चारही भिंती, आपोआप बंद होणारं दार, हवा थेट बाहेर टाकणारी यंत्रणा, आणि आत हवेचा दाब कमी, म्हणजे दार उघडलं तरी धूर बाहेर येऊ नये. वाचायला छान आहे. त्या पबमधलं दार एका खुर्चीनं उघडं अडकवून ठेवलं होतं.

मी वाट बघत होते ती दुसऱ्याच गोष्टीची. २००८ च्या नियमांत त्या खोलीत खाणंपिणं द्यायचं की नाही याबद्दल काही नव्हतं. म्हणजे ओढणाऱ्याला चार भिंतींत बंद करायचं, आणि वेटरला त्याच्यामागोमाग आत पाठवायचं. मे २०१७ मध्ये दुरुस्ती झाली, की स्मोकिंगच्या जागेत कोणतीही सेवा देता येणार नाही. तीसुद्धा मुख्यतः हुक्का थांबवायला. वेटरची काळजी कुणी केली म्हणून नाही, पण फायदा त्याला मिळतो. मिळायला हवा. त्या रात्री जेमतेम एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा ट्रे घेऊन आत गेला, चार ग्लास ठेवले, ऑर्डर ऐकायला वाकला, आणि ऐकू येईना म्हणून आणखी वाकला. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण तो वाकून बराच वेळ उभा होता.

मी मॅनेजरला जाऊन २०१७ ची दुरुस्ती सांगितली. तो हसला नाही किंवा चिडलाही नाही. "मॅडम, आत जायला मुलं मागतात. तिथली टीप जास्त असते," म्हणाला. मला त्याचं खरं वाटलं. ठाण्यात वर जायलाही मुलं रांगेत असायची.

एक गोष्ट मला या कायद्यात खटकते. बसस्टॉपवर बिडी पेटवलेल्या हमालाला २०० रुपये दंड होतो, तोही दिवसाच्या कमाईचा मोठा तुकडा. आणि विमानतळावर, मोठ्या हॉटेलात, सोफा टाकलेली खोली मिळते. ३० खुर्च्यांची अट कुणाच्या सोयीची आहे ते सांगायला नको. आणि आपण हलतो कधी, तर आग दिसली की. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आगीत १४ माणसं गेली, आणि २०१८ मध्ये महाराष्ट्रानं हुक्का पार्लरवर बंदीचा कायदा केला. काही महिन्यांत. धुरानं मरणाऱ्याला वीस-तीस वर्षं लागतात आणि तोवर तो नोकरी सोडून गावी गेलेला असतो. त्याच्या मरणाची बातमी होत नाही.

बाबा मात्र तक्रार करत नाहीत, आणि मी केली की वैतागतात. "गिऱ्हाईक येय होता म्हणान तू शिकलंस," असं सरळ तोंडावर सांगतात. हे खरंच आहे. माझ्या इंजिनीअरिंगचे पैसे त्या पोटमाळ्यावरच्या टिपांतून आले. म्हणून त्यांना ती जागा विषारी म्हणणं म्हणजे मालकाला, गिऱ्हाइकांना आणि मलाही नावं ठेवल्यासारखं वाटतं. ते रोज सकाळी इन्हेलर ओढतात. पहिल्यांदा डॉक्टरांनी शिकवताना म्हटलं होतं, "हळू आत ओढा, दहापर्यंत रोखून धरा," तेव्हा बाबा लाजले होते. ओढणं त्यांना जमत नव्हतं.

या मे महिन्यात गावाहून चुलत भावाचा फोन आला. बारावी झालीय, पणजीत एका बारमध्ये काम मिळतंय, राहणं-जेवण धरून. त्याच्या वडलांना बाबांचं मत हवं होतं, कारण लायनीतलं त्यांनाच कळतं. बाबांनी फोन स्पीकरवर टाकला. पगार विचारला. सुट्टी विचारली. मालक खयचो, ते विचारलं. मग जरा थांबले. मला वाटलं धाप लागली.

"झोपूक खय देतत?"

"वरतीच, काका. बंद झाल्यार."

"वरती म्हणजे पोटमाळो? खिडकी आसा?"

"आसा वाटता. पण एसी आसा ना, उघडणत नाय."

"मगे तेंका सांग, माका खाली घाला म्हणान. नॉन-एसीत."

पलीकडे तो हसला. "काका, खाली टीप खय गावता?"

बाबांनी फोन स्पीकरवरून काढून कानाला लावला आणि गॅलरीत गेले. दार ओढून घेतलं. काचेतून दिसत होतं, ते बोलत होते, मध्ये थांबत होते, परत बोलत होते. दहा मिनिटं तरी झाली. आत आले तेव्हा आईनं विचारलं, काय ठरलं?

"शनवारी जातोहा," बाबा म्हणाले. "मालकाचो नंबर घेतलंय. मी बोलतंय तेच्याशी."